पाना महाग की नट महाग?

नाशिकच्या सिडकोतून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ३८, माध्यमिक शाळेत शिक्षक. घरी २०१५ ची वॅगन-आर, ७८ हजार किलोमीटर झालेली. मागच्या सर्व्हिसिंगचं बिल ६,८०० रुपये आलं, त्यात मजुरी १,९००. तेव्हापासून त्यांनी मनावर घेतलंय की ऑइल, फिल्टर, प्लग, पुढचे ब्रेक पॅड ही कामं दारातच करायची. रो-हाऊस असल्याने जागा आहे, अडलंय हत्यारांपाशी. ऑनलाइन १०८ नगांची पेटी ३,८०० रुपयांत मिळते. दुसरीकडे त्यांचे मेव्हणे जर्मनीत श्टुटगार्टला नोकरीला आहेत. ते दिवाळीला येताना तिथला नामांकित संच आणायला तयार आहेत. आपल्या पैशांत ४२ हजार, वजन १२ किलो. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांची पत्र्याची पेटी माळ्यावर आहे, पण त्यातले बरेच पाने या गाडीला बसत नाहीत, म्हणून ती भंगारात द्यावी का, हाही प्रश्न. पत्नीच्या मते हा सगळा खेळण्यांचा सोस. शेवटी ते विचारतात, ‘स्वस्त घेऊन दोनदा खर्च करण्यापेक्षा एकदाच महाग घेऊन आयुष्यभर वापरावं, हे बरोबर ना?’

सर, सप्रेम नमस्कार.

आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या पोरांना शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, म्हणजे तुम्हीही मास्तर आणि मीही मास्तर. ‘बरोबर ना?’ असं विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. वर्गात अशा वेळी आपण पोराला फळ्यापाशी बोलावतो आणि गणित मांडायला सांगतो. तेच करू.

बिलातली मजुरी १,९००. ऑइल, फिल्टर, पॅड तुम्हाला विकत घ्यावेच लागणार, त्यामुळे वाचली तर मजुरीच वाचेल, आणि तीही सगळी नाही. व्हील अलाइनमेंट तुम्ही दारात करणार नाही. तरी धरू दरवर्षी पूर्ण १,९००. ४२ हजाराचा संच वसूल व्हायला २२ वर्षं लागतील. गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०३० ला संपते. पुढे फिटनेस करून ती वाढवता येते, तरीही २२ वर्षं म्हणजे २०१५ ची वॅगन-आर कुठल्या तरी संग्रहालयात.

तेव्हा पैसे वाचवण्यासाठी हत्यारं घेतो आहे, हे आधी डोक्यातून काढा आणि घरातही तसं सांगू नका. ताईंना हिशेब कळतो, म्हणूनच त्या खेळणी म्हणाल्या. तुम्हाला आपल्या गाडीखाली आपल्या हाताने काम करायचं आहे. लोक तबला शिकतात, ट्रेकला जातात, त्यावर खर्च करतात आणि तो वसूल होत नाही म्हणून कोणी रडत नाही. हा छंद आहे असं एकदा मोकळेपणाने मान्य केलं की त्याचं बजेटही छंदासारखं ठरतं, आणि भांडण निम्मं मिटतं.

आता ‘महाग म्हणजे चांगलं काम’ या समजुतीकडे येतो. यावर मी व्याख्यान देण्यापेक्षा माझी फजिती सांगतो.

१९९४ साली माझ्याकडे सेकंडहँड मारुती ८०० होती. दुबईहून आलेल्या एका मित्राने मला अर्ध्या इंची रॅचेट, म्हणजे खटक्याने एकाच दिशेला आवळणारा पान्याचा दांडा, आणून दिलं होतं, अमेरिकन, आरशासारखं चकचकीत. त्या दिवशी प्लग बदलायचे होते. साधा प्लगचा टी-पाना बाजूलाच पडलेला, पण नवं रॅचेट हातात असताना त्याला कोण विचारतो! तिसरा प्लग मी ‘अजून एक चिमूट’ म्हणत आवळला आणि हाताला एकदम लोण्यासारखं मऊ लागलं. ज्याने भोकातले आटे (पेच) असे झिजवून घालवले आहेत त्याला ती मऊ भावना सांगावी लागत नाही. मारुतीच्या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादाचा. हेड काढलं, लेथवाल्याकडे नेलं, हेलिकॉइल (नवे आटे देणारं तारेचं वेटोळं) बसवून घेतलं, चार दिवस आयटीआयला बसने गेलो. रॅचेटला ओरखडासुद्धा नव्हता.

चूक हत्याराच्या दर्जात नव्हती, लांबीत होती. तुम्ही विज्ञान शिकवत असाल तर तरफ तुम्हाला सांगायला नको. दहाच्या पान्याची लांबी साधारण बारा-तेरा सेंटीमीटर असते. हाताने दहा किलोचा जोर दिला तर बोल्टवर बाराएक न्यूटन-मीटर (पिळाच्या जोराचं माप) पडतात, आणि दहाच्या डोक्याच्या बोल्टला साधारण तेवढेच लागतात. पान्यांची लांबी नंबरागणिक वाढत जाते ती उगाच नाही. लहान पाना तुमच्या हाताला लगाम घालतो. तोच दहाचा बोल्ट पंचवीस सेंटीमीटरच्या रॅचेटने त्याच जोराने आवळा, चोवीस-पंचवीस न्यूटन-मीटर पडतात आणि बोल्ट मान टाकतो.

म्हणून त्या १०८ नगांच्या पेटीबद्दल माझी पहिली तक्रार स्वस्तपणाची नाहीच. फोटो नीट पाहा. निम्मे नग स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाचे चिमुकले बिट असतात, काही ॲलन की असतात, आणि गोट्यांमध्ये, म्हणजे रॅचेटला लावायच्या सॉकेटांमध्ये, तुम्हाला लागणारे नंबर मोजके. मारुतीसारख्या जपानी वळणाच्या गाडीत ८, १०, १२, १४, १७, १९ एवढ्यांत नव्वद टक्के काम होतं. १०८ हा आकडा जपमाळेला शोभतो, पेटीला नाही.

दुसरी तक्रार मात्र दर्जाचीच. स्वस्त हत्यार मोडतं, मग आपण नवं आणतो, असा तुमचा हिशेब आहे. ‘दोनदा खर्च’ म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर मोडलेला पाना आहे. पण स्वस्त पाना सहसा मोडत नाही. तो उघडतो. त्याचा जबडा केसभर फाकतो, नटाच्या सपाट बाजूंवर बसायचं सोडून कोपऱ्यांवर चढतो, आणि कोपरे गोल करून मोकळा होतो. पाना तसाच ठणठणीत, उद्या दुसऱ्या नटाला तेच करायला तयार. माझ्या एका विद्यार्थ्याने बारा कोनी, ढिल्या गोटीने ब्रेक कॅलिपरचा (पॅड दाबणाऱ्या भागाचा) गंजलेला बोल्ट असाच गोल केला. गोटी होती साठ रुपयांची. बोल्ट काढायला वेल्डरला बोलावून त्यावर नट टाकावा लागला, आणि त्या उष्णतेने रबराची आवरणं गेली ती वेगळी.

तेव्हा प्रश्न हत्याराच्या किमतीचा न ठेवता असा ठेवा: हे फसलं तर काय जाईल? नट जाईल, इंजिन जाईल, की हात-पाय जातील? या क्रमाने पैसे टाका, उलट्या टोकापासून.

हात-पायांपासून सुरू करतो, कारण तुमच्या पत्रात जॅकचा उल्लेखच नाही. ४२ हजाराच्या संचात तो नाही आणि ३,८०० च्या पेटीतही नाही. ऑइल बदलायला गाडीखाली जायचंय ना? गाडीसोबत आलेला कात्री-जॅक पंक्चर झाल्यावर चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही. हायड्रॉलिक जॅक घेतला तरी तेच; आतला सील कधी दगा देईल ते तो सांगून देत नाही. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरायला घोडी, म्हणजे जॅक-स्टँड लागतो. गॅरेजमध्ये जिला घोडी म्हणतात ती खटक्याची किंवा पिनवाली, जोडीने मिळते. दोन किंवा तीन टन क्षमतेची, पिनवाली घ्या; तिचा खटका घसरण्याचा प्रश्नच नसतो. तुमची गाडी रिकामी असताना नऊशे किलोच्या आसपास भरते, त्यातला जास्त भार पुढे इंजिनावर. त्या वजनाखाली विटा किंवा सिमेंटचा ब्लॉक ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. वीट आधी सांगत नाही, एकदम फुटते.

सिडकोच्या रो-हाऊसपुढे बहुतेक पेव्हर ब्लॉक असतील. त्यावर घोडीचे पाय रुततात आणि घोडी कलते. खाली जाड प्लायवुडचा तुकडा टाका. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, आणि खाली जाण्याआधी गाडीला खांद्याने जोरात धक्का देऊन बघायचा. हललीच तर तुम्ही बाहेर असताना हलू दे. काढलेलं चाकही गाडीखाली आडवं सरकवून ठेवावं, ही जुन्या मेकॅनिकांची सवय. आणि घरात कोणी नसताना खाली जायचं नाही. या जागी स्वस्त-महाग असा वादच घालू नका. बिनानावाची घोडी फुकट मिळाली तरी नको.

यानंतर गोट्या आणि पाने. इथे मध्यम भाव पुरतो, आणि मध्यम म्हणजे खरोखर चांगला. तुम्ही तर नाशिककर. तुमच्याच सातपूरला टपारियाचा कारखाना आहे. १९६९ पासून, सुरुवातीला स्वीडनच्या कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने, तिथे हत्यारं बनतात. मी कुणाचा एजंट नाही. पंजाबात जालंधर-लुधियानालाही उत्तम घडीव पाने होतात आणि परदेशी जातात. मुद्दा एवढाच की श्टुटगार्ट आणि ऑनलाइन पेटी यांच्या मधल्या रस्त्यावर तुमचंच गाव लागतं.

महाग हत्याराला महाग कशाने केलं, हेही जरा पाहावं. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात १९२० साली स्नॅप-ऑन सुरू झाली ती एका साध्या कल्पनेवर: प्रत्येक गोटीला वेगळा दांडा कशाला? पाच हँडल, दहा गोट्या, अदलाबदल करा, पन्नास पान्यांचं काम. आज फुटपाथवरच्या संचातही हीच कल्पना असते. पुढे त्यांनी गोटीच्या आतला आकार असा केला की जोर नटाच्या कोपऱ्यावर न येता सपाट बाजूवर यावा. त्या पेटंटची मुदत कधीच संपली. तसल्या आकाराच्या गोट्या आता भारतीय कंपन्याही बनवतात. राहिलं काय? बारीक भिंत, सुबक तोल, आणि मेकॅनिकच्या दारात येणारी कंपनीची गाडी, जी मोडकं बदलून देते आणि नवं हप्त्याने देते. तिथल्या मेकॅनिकला ते परवडतं, कारण तो दिवसाला साठ बोल्ट उघडतो. तुम्ही वर्षाला साठ उघडाल. आणि ती गाडी सिडकोत येत नाही.

दुकानात गेलात तर एवढं बघा. गोटी सहा कोनी हवी. बारा कोनी अडचणीच्या जागी पटकन बसते, पण गंजलेल्या नटाला सहा कोनीच. धातू क्रोम-व्हॅनेडियम. पाना घडीव आहे की ओतीव, ते कडेला बोट फिरवून कळतं. ओतीव मालावर साच्याची रेघ राहते आणि वरच्या मुलाम्याखाली बारीक छिद्रं दिसतात. खिशात १०, १२ आणि १४ चा एकेक नवा बोल्ट घेऊन जा आणि काउंटरवरच पाना लावून बघा. डुगडुगला तर परत द्या. दुकानदार हसेल, हसू दे. नावाजलेल्या मालाची नक्कलही बाजारात भरपूर आहे, तेव्हा बिल देणारं दुकान गाठा. पुण्यातले वाचक बोहरी आळीत जातील, मुंबईतले नागदेवी स्ट्रीटला. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजाराची मजा मलाही आहे, पण तिथे ज्याला पारख आहे त्यानेच जावं.

रॅचेटच्या मापाबद्दल थोडं. गॅरेजच्या भाषेत एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सुती, तीन सुती, चार सुती अशा तीन मापांत रॅचेट येतात. सगळे डोळे झाकून चार सुती, म्हणजे अर्धा इंची घेतात, माझ्यासारखे. तुमच्या गाडीच्या बॉनेटखाली तीन सुती सर्वांत सोयीचं. चाकाच्या नटांना तेवढं अर्धा इंची. रॅचेटचे दातेही मोजा किंवा विचारा. ३६ दात्यांचं रॅचेट पुढचा दाता पकडायला १० अंश फिरावं लागतं, ७२ वालं ५ अंशांत पकडतं. जिथे हातच जेमतेम जातो, तिथे हा फरक घामात मोजता येतो. दर्जासाठी जास्तीचे पैसे कुठे टाकायचेच असतील तर गोट्यांपेक्षा रॅचेटवर टाका.

इंजिन वाचवणारं हत्यार म्हणजे टॉर्क रेंच, ठरवलेला जोर झाला की सांगणारा पाना. माझी १९९४ ची गोष्ट यानेच टळली असती. चाकाचे नट छोट्या गाड्यांत साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरला आवळतात, ऑइलच्या बोल्टाला त्याच्या निम्म्याहूनही कमी लागतं. तुमच्या मॉडेलचे नेमके आकडे सर्व्हिस मॅन्युअलमधून काढा, व्हिडिओतल्या माणसाच्या तोंडचे घेऊ नका. त्याची गाडी वेगळी असते. ‘कट्’ आवाज करणारा साधा रेंच पुरतो. आंतरराष्ट्रीय मानक त्याला अधिक-उणे ४ टक्के चूक माफ करतं, घरच्या कामाला एवढं खूप झालं. सोबत तपासणीचं प्रमाणपत्र असलेला घ्या. त्याने नट सोडवायचे नाहीत, फक्त आवळायचे. ‘कट्’ ऐकल्यावर अजून एकदा कट् करायचं नाही. काम झालं की आकडा सर्वांत खाली आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दबून थकते. रेंचच्या पल्ल्याच्या अगदी खालच्या टोकाला भरवसा कमी, म्हणून २०० च्या रेंचने १० च्या बोल्टशी खेळू नका. तिथे आखूड पाना आणि बेताचा हात.

हातोडी, तेल धरायची घमेली, फनेल, तारेचा ब्रश, हातमोजे, बोल्ट ठेवायची चुंबकी वाटी, डोक्याला लावायचा दिवा. हे सगळं जिथे स्वस्त मिळेल तिथे घ्या. वाटी तर स्वयंपाकघरातली जुनी स्टीलचीही चालेल, ताईंना विचारून. स्क्रू-ड्रायव्हर मात्र दोन तरी चांगले असावेत. जपानी वळणाच्या गाड्यांतल्या चौफुली स्क्रूंची खाच नेहमीच्या चौफुलीपेक्षा किंचित वेगळी असते. साधा ड्रायव्हर त्यातून वर उसळतो आणि खाच खाऊन टाकतो. जपानी मापाचा एक मध्यम ड्रायव्हर मिळाला तर जरूर घ्या. काळ्या रंगाच्या जाड गोट्या दिसतील, त्या हवेच्या गनसाठी असतात. तुमच्याकडे गन नाही, तर त्या नकोत. आणि कधी गन आणलीत तर तिला चकचकीत क्रोमच्या गोट्या लावू नका, तडकतात.

मेव्हण्यांचं काय? त्यांना नाही म्हणू नका. बारा किलो सामान आणायला तयार असलेला मेव्हणा सगळ्यांच्या नशिबी नसतो. पण संच नको. एक तर त्यातला भार तुमच्या गाडीला न लागणाऱ्या नंबरांचा असू शकतो. युरोपीय गाड्यांत १३, १६, १८ जास्त लागतात, तुम्हाला १२ आणि १४ रोज. दुसरं, आयुष्यभराची हमी कितीही खरी असली तरी मोडलेली वस्तू घेऊन जायचं ते तिकडच्या दुकानात. त्यापेक्षा एकच वस्तू सांगा, जी तिकडची खरंच वेगळी असते: पक्कड. वुपरटालला १८८२ साली सुरू झालेली, पकडींसाठीच ओळखली जाणारी निपेक्स नावाची कंपनी आहे. त्यांची समांतर जबड्याची, मागेपुढे सरकणारी पक्कड नटाच्या सपाट बाजूंना इतकी घट्ट आणि सरळ धरते की अडल्यावर पाना म्हणून चालते. अर्धा किलो वजन, आणि भेट म्हणून घ्यायलाही संकोच वाटू नये अशी किंमत. विमानात ती चेक-इन सामानातच टाका म्हणावं.

आता माळ्यावरची पेटी. भंगारात अजिबात देऊ नका. आणि हे मी आठवणींच्या मायेने म्हणत नाही, निदान फक्त त्यामुळे नाही.

पाने बसत नाहीत याचं कारण बहुधा त्यांची मापं इंची आहेत. एसटीच्या जुन्या ताफ्यात इंग्रजी घराण्यातली इंजिनं होती, त्यांचे नटबोल्ट इंचात. तुमचे वडील ‘साडेचार सुती दे’ म्हणायचे का, आठवून पाहा. साडेचार सूत म्हणजे नऊ-सोळांश इंच, म्हणजे १४.२९ मिलिमीटर. चौदाच्या नटावर तो बसल्यासारखा वाटेल, जोर लावला की कोपरे खाईल. साडेपाच सुती १७.४६, सतराच्या नटाचं तेच. चार सुती १२.७, तेराला जात नाही आणि बाराला ढिला. हे तीन बाजूला काढून त्यांना लाल रंगाचा पट्टा मारा, म्हणजे घाईत हात जाणार नाही. पण सहा सुती गोटी किंवा रिंग पाना सापडला तर तो १९.०५ भरतो. तुमच्या चाकाचे नट १९ चे असतील, गाडीसोबतच्या व्हील पान्याने खात्री करून घ्या. तिथे वडिलांचा सहा सुती पाना नव्या कुठल्याही पान्याइतकाच चोख बसेल. अडीच सुती ७.९४ असतो, म्हणजे आठाच्या नटावर जायला जेमतेम. गेला तर उत्तम.

पेटीत हातोड्या, छिन्नी, पंच, कानशी, फिलर गेज, कदाचित एखादा ग्रीस-गनही असेल. डेपोतल्या माणसाने वापरून ठेवलेलं हत्यार म्हणजे तपासून झालेला माल. जे मोडायचं ते तेव्हाच मोडलं. रात्रभर रॉकेलमध्ये ठेवा, तारेच्या ब्रशने घासा, कोरड्या फडक्याने पुसून पातळ ऑइलचा हात फिरवा. बघता बघता तुमची निम्मी यादी माळ्यावरूनच खाली उतरेल. आधी ही पेटी उघडा, मग दुकानाची यादी करा. उलटं करू नका.

माझ्या अंदाजाने जॅक, घोड्यांची जोडी, टॉर्क रेंच, तीन सुती रॅचेट-गोट्या आणि कॉम्बिनेशन पान्यांचा छोटा संच मिळून बारा ते पंधरा हजारांत बसेल. तोही एकदम खर्चू नका. पहिल्या महिन्यात एअर फिल्टर बदला, त्याला जवळजवळ काहीच लागत नाही. मग प्लग. ऑइलची वेळ येईल तेव्हा जॅक आणि घोड्या. कामागणिक हत्यार आणलं की प्रत्येक वस्तूला पेटीत येण्यामागे कारण असतं, आणि न लागणाऱ्या वस्तूंचा ढीग साचत नाही. हे इतर वाचकांनाही सांगतो, कारण महिन्याला दोन-तीन पत्रं या विषयावर येतात आणि बहुतेकांनी पत्राआधीच पेटी घेतलेली असते.

तुमच्या कामांच्या यादीतलं एक काम मला खटकलं: ब्रेक पॅड. काम अवघड नाही. पण पहिल्या वर्षी एकट्याने करू नका. तुमच्या नेहमीच्या मेकॅनिकला सांगा, मजुरी पूर्ण घे, पण मला शेजारी उभं राहू दे आणि दुसऱ्या बाजूचं चाक माझ्या हाताने करू दे. बहुतेक मेकॅनिक आनंदाने तयार होतात. जो होत नाही, त्याच्याकडे गाडी का न्यावी याचाही विचार करता येतो. कॅलिपर काढल्यावर तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळत सोडायचा नाही, तारेने वर बांधायचा. पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल दोन-चारदा दाबून घट्ट करून घ्यायचं. या गोष्टी ४२ हजाराच्या संचातून मिळत नाहीत, मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून मिळतात. त्याच्या हत्यारांकडेही बघून घ्या. तीसेक पाने, दोन रॅचेट, पाइपचा एक तुकडा. तेवढ्यावर त्याचं घर चालतं.

काढलेलं तीनेक लिटर काळं ऑइल जुन्या कॅनमध्ये भरून त्याच गॅरेजला द्या. त्यांच्याकडून ते पुढे शुद्धीकरणाला घेणारे येतात. गटारात नको, आपल्या नासर्डी नदीला आधीच सोसवत नाही.

ताईंसाठी एक सुचवू? पहिल्या वेळी ऑइल बदलताना तुम्ही खाली, तर वर टॉर्चसाठी कोणीतरी लागेलच. त्यांना बोलवा. घरात कोणी असल्याशिवाय खाली जायचं नाही असं वर म्हणालोच आहे. टॉर्च धरलेल्या माणसाला दहा मिनिटांत ‘तो कशाला आहे?’ असं विचारावंसं वाटतं, हा माझा वर्गातला अनुभव आहे. नाहीच वाटलं, तरी टॉर्च तर धरला जाईल.

पेटी उघडल्यावर सहा सुती पाना निघाला का, तेवढं कळवा.